फॉर्मात आधी स्वतःला भर

मामांनी पहिल्याच दिवशी मला चाळीसेक उठाबशा काढायला लावल्या. त्यांच्या भाषेत याला वाचन म्हणायचे. मी डिप्लोमा करून आलेली, नवा कुर्ता, नवी पर्स, पर्समध्ये नोकरीचं पत्र. आणि भर अकरा वाजता, चार माणसांसमोर, लाकडी पट्टी हातात धरलेला साठीचा एक माणूस मला सांगत होता, "थोरलं अक्षर आलं की उभं राहायचं. धाकटं आलं की बसायचं. चल, वाच."

थोरलं म्हणजे इंग्रजीतलं कॅपिटल, धाकटं म्हणजे स्मॉल. मी लिहिलेला कोड मी मोठ्याने वाचायचा, शेजारच्याने दुसऱ्या कागदावर पट्टी सरकवत ऐकायचं. मी हौसेने रकान्यांची नावं ठेवली होती, प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर थोरलं. कॉलेजात तसंच शिकवलं होतं. फर्स्टनेमला दोनदा उभी राहिले, डेटऑफबर्थला तीनदा. परमनंटअ‍ॅड्रेसपर्यंत पोचताना दम लागला. खाली बसता बसता मला वाटलं, उद्यापासून इथे यायचं नाही.

दोन दिवसांत मांड्या भरून आल्या. तिसऱ्या दिवशी मी सगळी नावं धाकट्या अक्षरांत लिहून आणली आणि सगळं वाचन बसून केलं. मामांनी पट्टी खाली ठेवली आणि म्हणाले, "आता शिकलीस." त्यांना हेच हवं होतं. नियम सांगून कोणी पाळत नाही, पाय दुखले की पाळतात, असा त्यांचा बावीस वर्षांचा अनुभव होता.

ही बावीस वर्षं छापखान्यातली. मामांचे वडील मालवणकडून येऊन गिरणीत लागले होते, मामा मात्र छापखान्यात. प्रुफं तपासणारा समोर बसायचा आणि मामा त्याला मूळ कागद मोठ्याने वाचून दाखवायचे. स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, सगळं तोंडाने म्हणायचं. दिवसभर. छापखाना बंद पडला तेव्हा त्यांच्याकडे एवढी एकच कला होती आणि बाजारात ती कोणाला नको होती. मग भांडुपच्या एका क्लासात पोराटोरांबरोबर बसून ते कॉम्प्युटर शिकले. त्यांच्या भाच्याने मुलुंडला वेबसाइटी बनवायचं ऑफिस काढलं आणि मजकूर टाइप करायला मामाला घेतलं. मामांनी वर्षभर टाइप केलं, मग स्वतःच स्वतःला बढती दिली आणि सगळ्यांचं काम तपासायला बसले. भाच्याची हिंमत नव्हती नाही म्हणायची. मालकाचे मामा म्हणून सगळ्या ऑफिसचे मामा. मुंबईत हा शब्द जरा जपून वापरावा लागतो, रस्त्यात मोठ्याने हाक मारली तर हवालदार वळून बघतो. पण आमच्याकडे मामा म्हटलं की टायपिंग थांबायचं.

ऑफिस एका ड्रायक्लीनरच्या वरच्या मजल्यावर होतं. इस्त्रीच्या वाफेचा वास दिवसभर वर यायचा, त्यामुळे आमच्या अंगाला कायम धुतलेल्या कपड्यांचा वास. चार कॉम्प्युटर, पाच माणसं. एसी मामांच्या बरोबर डोक्यावर. तो बंद करा म्हणून त्यांनी कधी सांगितलं नाही, बाराही महिने बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसायचे. कानावर पेन्सिल. माउसला हात लावायचे नाहीत, त्याला "ती चिचुंद्री" म्हणायचे. डब्यात रोज घावणे आणि सोबत काहीतरी, ते काहीतरी आम्ही चौघांनी खायचं आणि घावणे त्यांनी.

कोड म्हणजे काय हे आमच्या क्लायंटना समजावून सांगायची मामांची स्वतःची पद्धत होती. "हे बघा, तुम्हाला दिसतं ते पान ब्राउझरमध्ये असतं. ब्राउझर म्हणजे माहेर. तिथे खुणेचे शब्द थोरल्या अक्षरांत लिहा, धाकट्यांत लिहा, सगळं पोटात घालतं. तुम्ही फॉर्म भरून बटण दाबलं की मजकूर जातो सर्व्हरकडे. ते सासर. तिथे थोरला एम म्हणजे एक माणूस आणि धाकटा एम म्हणजे दुसरा माणूस. मोबाइल नावाचा रकाना तुम्ही थोरल्या एमने पाठवलात आणि सर्व्हर धाकट्याची वाट बघत बसला असेल, तर तो म्हणणार, नंबर आलाच नाही. भांडणार नाही, ओरडणार नाही. गप्प रिकामी जागा ठेवणार."

"मामा, तुम्ही कधी गेला होतात सासरी नांदायला?" मी एकदा विचारलं.

"छापखान्यात होतो ना बावीस वर्षं," ते म्हणाले.

घाटकोपरच्या एका मंगल कार्यालयाचे मालक एकदा तणतणत वर आले. त्यांच्या वेबसाइटवर हॉलचे फोटो दिसत होते, पण पहिल्या पानावर त्यांच्या दिवंगत आईचा हार घातलेला फोटो होता, तेवढा दिसत नव्हता. त्यांच्या आईच्या जागी नुसती चौकट आणि कोपऱ्यात एक फाटका कागद. "आमच्या आईचा अपमान आहे हा!" आमच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर फोटो ठणठणीत दिसत होता, म्हणून संकेत, म्हणजे माझ्या शेजारचा मुलगा, पुन्हा पुन्हा म्हणत होता, "सर, इथे दिसतोय ना पण." मामांनी स्क्रीनकडे पाहिलंही नाही. "शेपटी बघ रे," म्हणाले. फोटोच्या फाइलची शेपटी, जेपीजी, ती कॅमेऱ्याने थोरल्या अक्षरांत लिहिली होती आणि संकेतने धाकट्या. आमचा विंडोजवाला कॉम्प्युटर तिकडे काणाडोळा करायचा, सर्व्हर करत नव्हता. संकेतने शेपटी बदलली, आई दिसायला लागल्या. मालकांनी तिथल्या तिथे स्क्रीनला नमस्कार केला. मामांनीही उभं राहून केला, मग आम्हा सगळ्यांना करावा लागला.

त्यांचं एक भांडण प्रत्येक क्लायंटशी ठरलेलं. फॉर्मात आडनाव सक्तीचं ठेवायचं नाही. नाव सक्तीचं, आडनाव ज्याला द्यायचं त्याने द्यावं. क्लायंट म्हणायचे, असं कुठे असतं का? मामा म्हणायचे, "तुम्हाला दात काढायचाय की सोयरीक जमवायचीय?" हे एका दातांच्या डॉक्टरला म्हणाले होते. मी मुलाखतीला गेले तेव्हाही मालक विचारत होते, "पूर्ण नाव काय?" तर मामा कोपऱ्यातून म्हणाले, "नाव सांग गो. बाकीचं ऐच्छिक." मी मानखुर्दची. बाबा जालन्याकडून आलेले, घरात भिंतीवर बाबासाहेब. आडनाव सांगितल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय काय होतं, ते मी शाळेपासून बघत आले होते. त्या दिवशी ते बघावं लागलं नाही. मामांनी हे मुद्दाम केलं की सवयीने, मी कधी विचारलं नाही. मला तेव्हाच तो माणूस आवडला होता. नंतर उठाबशा काढाव्या लागल्या, ते निराळं.

आणि दुसरा नियम, ज्याच्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले. फॉर्म तपासताना खोटी माणसं भरायची नाहीत. सगळीकडे लोक फॉर्म तपासताना 'टेस्ट टेस्ट' किंवा 'एबीसी' असलं काहीतरी टाकतात. मामांना ते खपायचं नाही. "एबीसीला कुठे राहायचंय? त्याला कुठे आजार आहे? तो काहीही उत्तर देईल. फॉर्मात आधी स्वतःला भर. खरी भर. जिथे पेन अडखळतं तिथे फॉर्म चुकलेला असतो." आम्ही सगळ्या जगाचे फॉर्म स्वतःच्या नावाने भरायचो. मी आमच्या ऑफिसात तीन वेळा नर्सरीत प्रवेश घेतला आणि एकदा संकेतशी लग्न ठरवून हॉल बुक केला. मामांच्या नावाने दाताच्या डॉक्टरकडे सहा कवळ्या मागितलेल्या होत्या.

मामा गेल्या वर्षी गेले. ऑफिस त्याआधीच बंद झालं होतं, आता त्या जागी ट्युशन क्लास आहे. मी अंधेरीच्या एका मोठ्या कंपनीत आहे, आमच्याकडे कोड तपासायला यंत्रं आहेत आणि ती चांगली तपासतात. अकरा वाजले की मला अजून वाटतं, कुणीतरी पट्टी घेऊन यावं.

तर ते वसतिगृहाचं काम. मुलुंडलाच एक ट्रस्ट कॉलेजच्या मुलींसाठी वसतिगृह चालवायचा, बाहेरगावच्या मुलींसाठी. त्यांना प्रवेशाचा फॉर्म पहिल्यांदाच वेबसाइटवर हवा होता. बारा खाटा राखीव होत्या, ज्या मुली आपल्या घरातून कॉलेजात जाणाऱ्या पहिल्याच आहेत त्यांच्यासाठी. बाकीच्या खाटा मार्कांवर. म्हणून फॉर्मात एक प्रश्न होता, घरातून कॉलेजात जाणाऱ्या तुम्ही पहिल्याच का? उत्तर येस किंवा नो. फॉर्म मी केला, एकटीने, माझं पहिलं स्वतंत्र काम.

ज्या दिवशी वाचन करायचं त्या दिवशी मामा डोळे तपासायला गेले होते. आणि वसतिगृहाच्या व्यवस्थापक बाई फॉर्म बघायला येऊन बसल्या होत्या, इस्त्रीची साडी, हातात डायरी. त्यांच्यासमोर उठबस करायची मला लाज वाटली. मी संकेतला म्हटलं, "नंतर करू ना यार." नंतर केलं नाही. वाचनाच्या नोंदवहीत 'वाचले' लिहून दोघांनी सह्या केल्या.

बाई म्हणाल्या, "जरा भरून दाखवा बघू." मी नियमाप्रमाणे माझं नाव भरलं, मानखुर्द भरलं, मार्क भरले. तो प्रश्न आला. खरं उत्तर येस होतं. माझ्या आईला सही येते, वाचता येत नाही. बाबा महापालिकेत सफाई खात्यात. माझ्या आधी आमच्या घरातल्या कोणी कॉलेजचा जिना चढलेला नाही. पण बाई बघत होत्या आणि संकेत बघत होता, ज्याचे आई-बाबा दोघेही बँकेत. मी नोवर टिचकी मारली. फॉर्म झकास गेला. बाई खूश होऊन गेल्या.

एवढंच झालं. मी येस म्हटलं असतं तर माझं नाव राखीव यादीत आलं नसतं आणि चूक तिथेच सापडली असती. पडद्यावर बरं दिसावं म्हणून फॉर्ममध्ये येसचा वाय मी थोरला घेतला होता. सर्व्हरकडच्या कोडात मात्र हाताच्या सवयीने सगळं धाकटं लिहिलं, मामांनीच लावलेली सवय. सर्व्हरने दोन्ही येस शेजारी ठेवून पाहिले, जुळले नाहीत, आणि जिने जिने हो म्हटलं तिला तिला त्याने नाही म्हणणाऱ्यांत टाकलं. मग त्या मुली मार्कांच्या यादीत मागे पडल्या आणि त्यांना आपोआप मेल गेला, क्षमस्व, या वर्षी तुम्हाला प्रवेश देता येत नाही. तो मेलही मीच लिहिलेला.

महिन्याभराने, एका मंगळवारी, बाईंचा फोन आला. सहज बोलता बोलता म्हणाल्या, या वर्षी राखीव यादीत एकही नाव नाही, तेव्हा त्या खाटा आम्ही साध्या यादीला देतोय. फोन मामांनी घेतला होता. ते म्हणाले, "एकही नाही? असं होत नाही बाई. थांबा जरा." त्यांनी फोन ठेवला आणि कानावरची पेन्सिल काढली. दहा मिनिटांत त्यांना सापडलं. मग त्यांनी वही उघडली.

"वाचलंस?"

"हो."

"उभी राहिलीस?"

मी वहीतल्या माझ्या सहीकडे बघितलं.

"बरं, वाचायचं राहिलं असेल. पण भरून बघितलास ना? स्वतःला भरलंस ना?"

मी सांगितलं. काय भरलं आणि का, सगळं सांगितलं, संकेत समोर असताना. मला वाटलं होतं ओरडतील. ते हळूच म्हणाले, "तुका लाज कित्याक वाटली गो?" त्या एका वाक्याने जेवढं रडू आलं तेवढं ओरडण्याने आलं नसतं.

मालक हादरले. "मामा, टेक्निकल प्रॉब्लेम झाला म्हणू या ना. सर्व्हर डाउन होता म्हणू. वाट लागेल, क्लायंट जाईल."

"सर्व्हर उभाच होता," मामा म्हणाले. "बसलो होतो आपण."

हो म्हटलेल्या अकरा मुली होत्या. मामांनी बाईंना फोन करून खरं ते सांगितलं. बाई फोनवर खूप बोलल्या, पण माणूस भला होता. म्हणाल्या, खाटा शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत धरून ठेवते. मुलीने स्वतः येऊन सही करायची. त्यानंतर नाही, साध्या यादीतल्या मुलीही ट्रंका भरून बसल्यात, त्यांनाही मी किती दिवस ताटकळत ठेवू?

मामांनी फोन माझ्यापुढे सरकवला. "तू कर. मी बसतो शेजारी. आणि सिस्टीममध्ये एरर होता असं म्हणायचं नाही. नाव सांगायचं आणि चूक माझी म्हणायचं."

दहा वेळा मी ते म्हटलं. एकीच्या वडिलांनी शिव्या दिल्या, एकीची आई रडली, एक मुलगी नुसतीच हसत सुटली. साताऱ्याहून, लातूरहून, अमळनेरहून त्या आल्या आणि शुक्रवार संध्याकाळपर्यंत दहा सह्या झाल्या. अकरावी राहिली. पूनम नाव, बीडकडची. तिचा फोन चार दिवस बंद. फॉर्मात मुंबईतल्या मावशीचा पत्ता होता, मालाड.

शनिवारी सकाळी मी निघाले तर मामा स्टॉपवर हजर, स्वेटर घालून. म्हटलं, मामा तुम्ही कशाला? म्हणाले, "मालाडला माणूस शोधणं एकट्याचं काम नाय." खरंच नव्हतं. चाळीचा नंबर होता पण त्या नंबरच्या तीन चाळी होत्या. मावशी सापडायला साडेबारा वाजले. ती दारातच म्हणाली, "पूनम? ती कामाला जाते की. प्रवेश नाही मिळाला ना तिला, मग बसून काय करणार? फोन पाण्यात पडला तिचा." ती आमच्याबरोबर यायला तयार नव्हती, तिने फक्त हाताने दिशा दाखवली. त्या दिशेने आणखी दीड तास गेला.

मालाडला नकली दागिन्यांचे कारखाने गल्लीगल्लीत आहेत. कारखाना म्हणजे एक खोली. चार बायका जमिनीवर बसून कानातली कार्डांवर टोचत होत्या, एका कार्डावर सहा जोड. पाचवी पूनम. लहानखुरी, बोटांना चिकटपट्ट्या लावलेल्या. मी तिच्यासमोर बसले आणि अकराव्यांदा तेच वाक्य म्हटलं. तिला आधी कळेचना.

"म्हंजे मी हो म्हणलं होतं, ते तुमच्यापर्यंत आलंच नाही?"

"आलं होतं. मी लिहिलेल्या कोडाने ते नाही म्हणून धरलं."

"मला वाटलं, मार्क कमी पडले. आईला बी तसंच सांगितलं." ती कार्डाकडे बघत होती. "मी नापास नव्हते मग?"

"नव्हतीस. तुझी खाट आहे. पण पाचच्या आत मुलुंडला जाऊन सही करायचीय."

तेव्हा सव्वादोन वाजले होते. शेठ दारातून ऐकत होता. वाईट माणूस नव्हता, त्याची त्याची घाई होती. "देखो, आज रात को माल निकलना है. ये जाएगी तो मेरा काम कौन करेगा? अभी गयी तो सोमवार को मत आना." पूनमने पुन्हा कार्ड उचललं. मी म्हटलं, अगं चल ना. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, एकदा नाही म्हणाले तुम्ही. तिथं गेल्यावर परत नाही म्हणले तर? हे बी जाईल." तिने माझ्यावर विश्वास का ठेवावा, मलाच समजत नव्हतं.

मामांनी चपला काढल्या. खोलीत शिरून ते पूनमच्या शेजारी मांडी घालून बसले, गुडघा धरून, जरा कण्हत. शेठला म्हणाले, "मैं बैठता है. उसका जितना है उतना मैं करके देगा." शेठ हसायला लागला. "अंकल, आपको आता है?" मामांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, एक जोड उचलून कार्डावर टोचला, बरोबर सरळ ओळीत. बावीस वर्षं ओळी बघण्यात गेली होती, ओळ त्यांची चुकणार नव्हती. मग पूनमला म्हणाले, "तुझी जागा मी धरून ठेवतो. तिथे नाही म्हणाले तर परत ये नि बस. हो म्हणाले तर येऊ नको."

पूनमने हातातलं कार्ड खाली ठेवलं. मग तिने बोटांच्या चिकटपट्ट्या काढल्या आणि त्यांच्या बोटांना लावल्या. "टोचतंय ते," म्हणाली आणि उठली.

आम्ही रिक्षा केली. मावशीकडून तिची गुणपत्रिका आणि मावशीचा फोन नंबर घेतला आणि जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्याने निघालो. सिग्नलला रिक्षा थांबली की मी घड्याळ बघायचे आणि ती माझ्याकडे. पवईजवळ गाडी अजिबात हलेना तेव्हा मी तिला ते सांगितलं जे दहा जणींना सांगितलं नव्हतं. फॉर्म तपासताना मी स्वतःच नो म्हटलं होतं. माझ्याही घरात मीच पहिली.

तिने मांडीवरची गुणपत्रिका सरळ केली. मग म्हणाली, "मला बी लाज वाटली होती येस करताना. सायबर कॅफेवाला बघत होता. पण खरं तेच होतं ना."

"हो," मी म्हटलं. "तू माझ्यापेक्षा धीट आहेस." तिला ते आवडलं असावं, कारण तिने रिक्षावाल्याला भय्या जल्दी म्हणून ओरडून सांगितलं, मोठ्याने, माझ्याहून मोठ्याने.

पाचला दहा मिनिटं असताना आम्ही वसतिगृहाच्या दारात उतरलो. बाई ऑफिसच्या दाराशी उभ्या होत्या, हातात डायरी. त्यांनी पेन पुढे केलं. पूनमने सही केली, मराठीत, पूर्ण नाव. बाईंनी तिला खाट दाखवायला नेलं. मी तिथेच बाकावर बसले आणि मामांना फोन लावला. वाजला, उचलला नाही. चारदा लावला. शेवटी मावशीला फोन करून शेठचा नंबर मिळवला आणि त्याला सांगितलं, अंकल को बोलो, हो गया, मिल गया. तो म्हणाला, बोलता हूँ.

मला वाटलं मामा निघतील. साडेसातला मी परत मालाडला पोचले, कारण ते अजून फोन उचलत नव्हते आणि त्यांना डोळ्यांत थेंब घालायचे होते. खोलीत बायका घरी जायच्या तयारीत होत्या. मामा त्याच जागी. पाठ वाकलेली, चष्मा नाकाच्या टोकावर, चिकटपट्टीवर रक्ताचा ठिपका. शेठ मला बघून हात जोडून म्हणाला, "मैंने पाँच बजे ही बोल दिया था उनको, आप जाओ अंकल. सुनते ही नहीं."

"मामा, झालं. सही झाली. खाट मिळाली तिला."

"कळलं मला." त्यांनी मान वर केली नाही. एक जोड टोचला, कार्ड उजव्या बाजूच्या ढिगावर ठेवलं, नवं घेतलं.

"मग चला ना घरी. ती येणार नाही आता परत."

"नाही ना येणार?"

"नाही."

तेव्हा त्यांनी वर पाहिलं. डोळे लाल झाले होते, थेंब न घातल्याने की कशाने, सांगता येणार नाही. त्यांनी शेजारची जमीन हाताने झाडली आणि कोऱ्या कार्डांचा गठ्ठा माझ्याकडे सरकवला.

"मग बस गो," मामा म्हणाले. "तिचे अजून दोन खोके राहिलेत."